टेस्ट पास झाली, पण दार उघडंच राहिलं!

आमच्या होस्टेलमध्ये एक मंत्र आहे. तो कोणत्याही पोथीत नाही, सिलॅबसमध्ये तर नाहीच नाही. पण फर्स्ट इयरचा मुलगा मेसची भाजी पचवायला शिकायच्या आधी हा मंत्र शिकतो. "परमिशन डिनाईड आलं? सुडो मार!" तेवढ्याने भागलं नाही तर पुढचा मंत्र, सीएचमॉड ७७७. विंडोजवाल्यांचा वेगळा पंथ, त्यांचा मंत्र 'राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. आणि हे सगळे हरले की ब्रह्मास्त्र : अँटिव्हायरस बंद, फायरवॉल बंद, एसईलिनक्स बंद. सगळं बंद झालं की आपला प्रोग्राम चालू!

मीही हा जप मन लावून केला. गेल्या डिसेंबरात तो सोडला. कोणी उपदेश केला म्हणून नाही, चांगली ठेच लागली म्हणून. ती ठेच आधी सांगतो, मग माझं मत सांगतो. मत पटलं नाही तर रूमवर या, चहा पाजीन आणि भांडीन.

आमचा प्रोजेक्ट साधा होता. संत्र्याच्या बागेतल्या जमिनीचा ओलावा मोजायचा आणि गरज असेल तेव्हाच पाण्याचा पंप सुरू करायचा. आर्डुइनोचा बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला लावलेला, लॅपटॉपवर लिनक्स आणि वर आमचा पायथनचा प्रोग्राम. सरांनी बजावलं होतं म्हणून टेस्टही लिहिल्या, चांगल्या चाळीस. पहिलीच टेस्ट बोर्डाचा पोर्ट उघडायची आणि पहिल्याच टेस्टला लाल अक्षरांत उत्तर आलं : परमिशन डिनाईड.

रूम पार्टनर पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "कायले येवढं डोकं लावून रायला बे? सुडो मार ना!" मारला. चाळीसच्या चाळीस हिरव्या! त्या रात्री आम्ही चौकात जाऊन पोहे खाल्ले. पुढचे तीन आठवडे सगळं काही सुडो लावूनच चाललं.

मग आला व्हायव्हा. एक्स्टर्नल सरांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "हे सुडो कशाला? तुमचा शेतकरी रोज सकाळी रूटचा पासवर्ड टाकणार आहे का?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "साध्या लॉगिनने चालवून दाखवा."

पोर्ट उघडेना. घाईघाईने पोर्टला सगळ्यांसाठी मोकळं केलं. वायर हलली, बोर्ड सुटून परत लागला आणि लिनक्सने तो पोर्ट नव्याने तयार केला, म्हणजे परवानगी पुन्हा पहिल्यासारखी. ते निस्तरलं तर पुढे लॉगची फाइल लिहिता येईना. कारण तीन आठवडे आम्ही रूट म्हणून टेस्ट चालवत होतो, त्यामुळे फाइल, फोल्डर सगळं रूटच्या मालकीचं होऊन बसलं होतं. चाळीसपैकी एकतीस टेस्ट लाल. सरांनी मार्क फार कापले नाहीत, पण एक वाक्य बोलून गेले ते अजून डोक्यात आहे : "तुम्ही तुमचा प्रोग्राम तपासलाच नाही. तुम्ही रूटला तपासलं."

व्हायव्हा संपल्यावर डोकं शांत करायला आम्ही सहा जण चिखलदऱ्याला गेलो. परतवाड्याहून घाट चढताना एसटीच्या खिडकीतून थंडी आत येत होती आणि माझ्या डोक्यात तेच वाक्य घुमत होतं. दुसऱ्या दिवशी गाविलगड पाहिला. होस्टेलमधल्या निम्म्या पोरांनी तो पाहिलाय, पण फोटो काढण्यापुरताच. म्हणून त्याची गोष्ट इथे थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या विषयाला लागू पडते.

साल १८०३. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. २९ नोव्हेंबरला आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतले बरेच लोक गाविलगडावर आले. किल्लेदार बेनीसिंग. समोर आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन. स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून वाट काढत तोफा ओढून उत्तरेच्या बाजूला आणल्या, बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं आणि १५ डिसेंबरला हल्ला झाला. गंमत अशी की बाहेरचा तट पडला तरी गड पडला नव्हता. आत आणखी एक तट होता, त्याला वेगळा दरवाजा होता. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने एका जागी शिड्या लावून आतला तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. मग बाकीची फौज सरळ आत. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला.

त्या तटावर उभा राहून मला वाटलं, इंग्रजांना तोफा ओढाव्या लागल्या, शिड्या लावाव्या लागल्या, माणसं गमवावी लागली. आमच्या लॅपटॉपच्या आतल्या दरवाजासाठी कोणालाच काही करावं लागलं नसतं. तो आम्ही स्वतः आतून उघडला होता, आणि तोही एक टेस्ट हिरवी दिसावी म्हणून!

आता मूळ मुद्दा. ऑपरेटिंग सिस्टिमची बंधनं टेस्टच्या आड का येतात? आपल्याला वाटतं, कंप्युटर मूर्ख आहे किंवा मायक्रोसॉफ्ट-ॲपलवाल्यांना आपल्याला छळायचंय. तसं नाही. टेस्ट म्हणजे काय करते ते बघा. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये आपली लायब्ररी घुसवते, चालू प्रोसेस मारून टाकते, पोर्ट उघडते, घड्याळ पुढेमागे करते, खोटा डेटा खरा म्हणून पुढे करते. आता चोर काय करतो? हेच करतो! टेस्टला जो दरवाजा हवा असतो, नेमका तोच चोरालाही हवा असतो. दारावरच्या चौकीदाराला दोघांचे चेहरे सारखेच दिसतात. त्यामुळे तो अडवतो, आणि अडवतो ते बरोबरच करतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पोस्टग्रेसचं आहे. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा मुक्त डेटाबेस. त्याच्याशी आपलं मराठी नातंही आहे. पुण्यात त्यावर काम करणारे इंजिनिअर कितीतरी आहेत. पोस्टग्रेस ८.३ मध्ये, म्हणजे २००८ साली, 'हॉट' नावाची जी महत्त्वाची सुधारणा आली, तिच्यामागे पवन देवलसी हे नाव आहे. तर या पोस्टग्रेसच्या सोर्स कोडबरोबर टेस्टचा मोठा संच मिळतो. नवीन बांधलेला डेटाबेस अजून इन्स्टॉल न करताच तपासता येतो. त्यासाठी टेस्टची स्क्रिप्ट एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगते की बाबा रे, लायब्ररी नेहमीच्या जागी शोधू नकोस, या फोल्डरमधली घे.

२०१५ साली ॲपलने मॅकच्या एल कॅपिटन आवृत्तीत सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन आणलं. त्याचा एक नियम असा की सिस्टिमच्या संरक्षित जागेतला कोणताही प्रोग्राम सुरू होताना लायब्ररीचा पत्ता बदलणाऱ्या अशा सूचना काढून टाकायच्या. टेस्टची स्क्रिप्ट चालते ती सिस्टिमच्याच शेलमधून, आणि तो शेल संरक्षित. झालं! सूचना वाटेतच गळून पडते, नव्या प्रोग्रामला नवी लायब्ररी सापडत नाही आणि टेस्ट कोसळते. कोडमध्ये एकही चूक नसताना!

पोस्टग्रेसच्या अधिकृत कागदपत्रांत यावर उपाय दिलाय : आधी इन्स्टॉल करा, मग टेस्ट चालवा. आणि लगेच पुढे प्रांजळपणे असंही नमूद केलंय की बहुतेक पोस्टग्रेस डेव्हलपर हे संरक्षण सरळ बंदच करून टाकतात.

म्हणजे मोठमोठे लोकही आपलाच मंत्र म्हणतात की! मग आम्हा पोरांनाच का बोलता? हा आक्षेप रास्त आहे आणि मी त्याला टाळणार नाही. दिवसातून पन्नास वेळा टेस्ट चालवणाऱ्या माणसाला दर वेळी इन्स्टॉल करत बसायला सांगणं म्हणजे त्याचा दिवस खाणं आहे. पण दोन गोष्टी बघा. त्या माणसाला आपण नेमकं काय बंद करतोय, का बंद करतोय आणि त्याने काय उघडं पडतं हे माहीत असतं. शिवाय ते संरक्षण बंद करायला मॅक रिकव्हरी मोडमध्ये नेऊन मुद्दाम आज्ञा द्यावी लागते. ती अडचण ॲपलने जाणूनबुजून ठेवलीय, म्हणजे झोपेत कोणी ते बंद करू नये. आपण मात्र सुडो झोपेतच मारतो. तुम्हीच सांगा, शेवटचं सुडो मारताना "मला नेमकी कोणती परवानगी कमी पडतेय?" हा प्रश्न किती जणांनी स्वतःला विचारला होता?

आणि ही सवय किती महाग पडते, हे विंडोजच्या इतिहासात लिहून ठेवलंय. एक्सपीच्या काळात घरोघरी जवळजवळ प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच लॉगिन करायचा. सॉफ्टवेअर लिहिणाराही ॲडमिनिस्ट्रेटर, तपासणाराही ॲडमिनिस्ट्रेटर. त्यामुळे प्रोग्राम कुठेही फाइल लिहीत सुटले आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. २००७ मध्ये व्हिस्टा आली, तिने दर वेळी "परवानगी द्यायची का?" असं विचारायला सुरुवात केली आणि जगभर शिव्या खाल्ल्या. २००९ मध्ये विंडोज ७ मध्ये हे विचारणं कमी करावं लागलं. पण त्या कटकटीचा फायदा असा झाला की कंपन्यांना आपले प्रोग्राम साध्या लॉगिनने चालतील असे नव्याने लिहावे लागले. म्हणजे व्हायव्हाला आमची जी फजिती झाली, ती अख्ख्या जगाची झाली होती. फरक इतकाच की जगाचा एक्स्टर्नल व्हिस्टा होती.

एसईलिनक्सचंही तसंच. अमेरिकेच्या एनएसएने ते २००० साली खुलं केलं, २००३ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं. तेव्हापासून सर्व्हर बसवण्याच्या कितीतरी मार्गदर्शिकांची पहिली पायरी असते, "एसईलिनक्स बंद करा". पण तेच एसईलिनक्स आज तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, ते पूर्ण कडकपणे लागू आहे. फोनमध्ये ते चालतं आणि आपल्याला कळतही नाही, पण लॅबमध्ये मात्र ते पहिला शत्रू!

आता कोणी म्हणेल, "अरे, आपल्या प्रोजेक्टला कोण हॅक करणार आहे? संत्र्याचा पंपच तर आहे!" यावर मला २०२४ सालची गोष्ट सांगायची आहे. प्रत्येक कंप्युटर शाखेच्या मुलाने ती जेवणाआधी एकदा आठवावी, असं मला वाटतं.

२९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये आणि काम पुन्हा पोस्टग्रेसवरच. तो वेगाच्या चाचण्या घेत होता. त्याला दिसलं की एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण म्हटलं असतं, "जाऊ दे ना बे." तो मात्र मागे लागला. शोधता शोधता कळलं की एक्सझेड नावाच्या फाइल छोट्या करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवलाय. अनेक लिनक्समध्ये एसएसएचशी त्याचा संबंध येत असल्यामुळे जगभरच्या सर्व्हरांची दारं त्यातून उघडू शकली असती. सुदैवाने तो बहुतेक ठिकाणी चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता.

आता लक्ष देऊन वाचा. तो चोरदरवाजा लपवला होता कुठे? टेस्टच्या फाइलींमध्ये! बिघडलेल्या संकुचित फाइलींचे नमुने म्हणून ज्या फाइली ठेवतात, त्यांच्या पोटात. टेस्टच्या फाइलीकडे कोण बघतो? 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या माणसाने दोन-अडीच वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला होता. त्याच नावाने २०२३ मध्ये गुगलच्या चाचणी सेवेला सांगितलं गेलं की एक सुविधा टेस्टच्या बिल्डमध्ये जुळत नाही, ती तिथे बंद करा. कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं होतं, ते मान्य झालं. चोरदरवाजा पुढे त्याच सुविधेच्या आधाराने उभा राहिला. आणि लँडलॉक नावाचं लिनक्सचं एक कुंपण एक्सझेडमध्ये वापरायचं होतं. ते उपलब्ध आहे का हे तपासणाऱ्या छोट्या कोडमध्ये एक टिंब घुसवलं गेलं. फक्त एक टिंब! त्यामुळे ती तपासणी कायम नापास, आणि कुंपण गुपचूप बंद.

"टेस्टसाठी एवढं बंद करून ठेवू" हे वाक्य किती निरुपद्रवी वाटतं! ते तसं वाटतं म्हणूनच हल्लेखोराला ते वापरावंसं वाटलं. आणि अर्धा सेकंदाची टोचणी दाबून न टाकणाऱ्या माणसाने जगाला वाचवलं. मला वाटतं, 'परमिशन डिनाईड' हीदेखील अशीच एक टोचणी आहे. मशीन आपल्याला काहीतरी सांगत असतं. सुडो मारणं म्हणजे सांगणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं.

मग करायचं काय? टेस्ट सोडून द्यायच्या का? मुळीच नाही. चिखलदऱ्याहून परतताना याचं उत्तर मला मेळघाटनेच दिलं. मेळघाट म्हणजे प्रोजेक्ट टायगरच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. सफारीला जायचं तर आधी परवाना घ्यावा लागतो. त्यात गाडी, माणसं, वेळ सगळं ठरलेलं. सोबत गाइड. बाहेर पडलात की परवाना संपला. वाघ बघायचाय म्हणून कोणी जंगलाचं गेट काढून घरी नेत नाही! टेस्टलाही तसाच परवाना द्यावा : नेमका, थोड्या वेळापुरता, आणि नोंद करून.

आमचंच बघा. पोर्ट उघडत नव्हता, त्यावर खरा उपाय एका ओळीचा निघाला. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये असे पोर्ट 'डायलआउट' नावाच्या ग्रुपच्या ताब्यात असतात. आपल्या युजरला त्या ग्रुपमध्ये टाकायचं, लॉगआउट करून परत लॉगिन करायचं, संपलं. वायर कितीदा का सुटेना! किंवा त्या एकाच बोर्डासाठी यूडेव्हचा नियम लिहायचा. वेब सर्व्हरच्या टेस्टसाठी ८० नंबरचा पोर्ट मिळत नाही? १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला सहसा मिळत नाहीत, तेव्हा टेस्टमध्ये ८०८० वापरा. ८०च हवा असेल तर त्या एका प्रोग्रामला फक्त तेवढीच क्षमता देता येते, अख्खं रूटपण द्यावं लागत नाही.

एसईलिनक्स अडवत असेल तर ते काय अडवतंय हे ऑडिट लॉगमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा. फार तर थोडा वेळ परमिसिव्ह मोडमध्ये टाका. त्यात तो अडवत नाही, पण प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतो. चौकीदाराला घरी पाठवणं वेगळं आणि "आज अडवू नको, पण कोण गेलं ते वहीत लिही" म्हणणं वेगळं. काम झालं की त्याला परत दारावर उभं करायचं, हे मात्र विसरू नका.

आणि खरंच सगळं बंद करून बघायची वेळ आली, येते कधी कधी, तर ते आपल्या लॅपटॉपवर करू नका. व्हर्च्युअल मशीन बनवा, स्नॅपशॉट घ्या, हवा तो धिंगाणा घाला आणि स्नॅपशॉटवर परत या. त्या मशीनवर तुमचे पासवर्ड, किल्ल्या, बँकेचं काहीही नको. हे मी उगाच सांगत नाही. २०२१ मध्ये कोडकोव्ह नावाच्या टेस्टशी निगडित सेवेची एक स्क्रिप्ट ३१ जानेवारीपासून १ एप्रिलपर्यंत कोणीतरी बदलून ठेवली होती. ती लोकांच्या टेस्टच्या मशीनवर चालायची आणि तिथल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बाहेर पाठवायची. त्यांत किल्ल्या ठेवणाऱ्यांच्या किल्ल्या गेल्या. जे मशीन जाळून टाकलं तरी चालेल, त्याच मशीनवर आग लावायची, एवढं साधं आहे हे.

अँटिव्हायरसवाल्यांनी तर यावर फार सुंदर तोड काढलीय. अँटिव्हायरस चालतोय की नाही हे तपासायला खरा व्हायरस सोडायचा का? नाही. 'ऐकार' नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल आहे. ती काही बिघडवत नाही, पण बहुतेक सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून पकडायचं असं ठरलेलं आहे. आपल्या पुण्यात काटकर बंधूंनी उभं केलेलं क्विक हील असो की परदेशातलं कुठलं, कुलूप न उघडता कुलूप तपासता येतं. डोकं असं लावायचं असतं!

मी आणखी एक गोष्ट शिकलो आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नकाराचीसुद्धा टेस्ट लिहावी. परवानगी नसताना आमचा प्रोग्राम काय करतो? आधी तो धाडकन पडायचा. आता तो सांगतो, "बोर्ड उघडता येत नाही, परवानगी तपासा", आणि पंप बंद ठेवतो. ही टेस्ट सुडो लावून कधीच लिहिता आली नसती, कारण रूटला असा नकार मिळतच नाही. चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवर "मी शहाणा!" असं ओरडलं की चार-पाच वेळा "शहाणा, शहाणा" ऐकू येतं. म्हणून कोणी शहाणा ठरत नाही. सगळी दारं उघडून चालवलेली टेस्ट म्हणजे तो पंचबोल.

जाता जाता दोन शब्द सरांसाठी आणि मॅडमसाठी, रागावू नका. कॉलेज कोणतंही असो, लॅब दोनच प्रकारच्या दिसतात. एक, जिथे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला असतो. दुसरी, जिथे काहीच करता येत नाही, आणि म्हणून पोरं पेन ड्राइव्हवरून वेगळं लिनक्स चालवून सगळ्या कुलपांना वळसा घालतात. पहिल्या लॅबमध्ये आम्ही बेफिकिरी शिकतो, दुसऱ्या लॅबमध्ये चोरी. मधला रस्ता आहे. लॅबमधली दोन-चार मशीन फक्त टेस्टसाठी ठेवा, रोज रात्री ती मूळ स्थितीत येऊ द्या. आणि एक वही ठेवा : कोणाला, कोणती परवानगी, कशासाठी, कधीपर्यंत. आम्ही मागू. खरंच मागू. आणि प्रोजेक्टच्या मार्कांत एक प्रश्न घाला, "साध्या लॉगिनने चालतं का?" या एका प्रश्नाने जे होईल ते सिक्युरिटीच्या दहा लेक्चरने होणार नाही. आमच्या एक्स्टर्नल सरांनी ते करून दाखवलंय.

व्हायव्हाच्या दिवशी आम्ही तोंड पाडून लॅबबाहेर उभे होतो, तेव्हा लॅबवाले काका कुलूप लावता लावता म्हणाले होते, "पोट्टेहो, कुलूप तोडाले ताकद लागते, पन चाबी मांगाले अक्कल लागते." तेव्हा राग आला होता. गाविलगड पाहून आल्यावर त्यांना चहा पाजला.

आमचा पंप आता साध्या लॉगिनने चालतो. टेस्ट चाळीसच्या त्रेचाळीस झाल्या. नवीन तिन्ही नकाराच्या आहेत आणि तिन्ही हिरव्या आहेत. रूम पार्टनर अजूनही सुडो मारतो. पण परवा मारायच्या आधी थांबला आणि एरर पूर्ण वाचला. सुरुवात वाईट नाही.

— एक होस्टेलवासी, अंतिम वर्ष, संगणक शाखा